बिनसावलीचं खोकं

माझ्या आईला रिकाम्या खोक्यात माणसं दिसायला लागली. ते खोकं मीच बनवलेलं. हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर घरात जो तमाशा झाला त्यात सगळ्यांनी माझ्याकडेच बोट दाखवलं, आणि असलं खोकं कशाला लागतं हे त्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं.

मी मातीची चित्रं रंगवते. कागदावरची नव्हेत. दिवाळीत पोरं अंगणात किल्ला करतात, त्यावर मांडायची बोटभर उंचीची माणसं असतात ना, मावळे, गवळण, भाजीवाली, त्यांना आम्ही चित्रंच म्हणतो. पेणहून साच्यातली कच्ची आणायची आणि इथं चौक गावात घरी बसून रंगवायची. लग्न झालं होतं, टिकलं नाही, तो विषय इथं नको. जुन्या हायवेला गॅरेजांची रांग आहे, तिच्या मागच्या आळीत आमचं घर. तिथं मी आणि आये, दोघीच. दादा कर्जतला फ्लॅटमध्ये राहतो, नोकरी करतो, रविवारी येतो. दिवाळीपुरतं चालणारं माझं काम मोबाईलमुळे बारमाही झालं. आता मोठी माणसं शोकेसमध्ये ठेवायला जात्यावरची बाई मागतात, पण फोटो आवडला तरच घेतात, आणि फोटोचीच माझी बोंब. खिडकीत ठेवून काढला तर चित्राच्या एका गालावर ऊन आणि दुसऱ्या गालावर काजळी. पुण्याची एक गिऱ्हाईक तर रोज तेच लिहायची, ताई, सावली येते, ताई, सावली येते. शेवटी माझं डोकं फिरलं. म्हटलं थांब बाई, सावलीचा नायनाटच करते.

वाण्याकडून साबणाचं मोठं खोकं आणलं. पुढची बाजू उघडी ठेवली. डावी, उजवी आणि वरची, या बाजूंना कटरने खिडक्या कापल्या. त्यांवर आधी बटर पेपर लावून बघितला, तर तो पंख्याच्या वाऱ्याने फडफडायचा आणि आमच्याकडच्या दमट हवेत ढिला पडायचा. आये खाटेवरून माझी चिडचिड ऐकत होती. तिनं ट्रंक उघडायला लावली आणि बाबांचं धोतर काढून दिलं. "घे. नायतर पडून पडून पिवळंच व्हायचं." बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. ते कापताना माझा हात जरा अडखळला. पण कापड धुऊन धुऊन इतकं विरळ झालेलं की बल्बचा उजेड त्यातून अगदी मऊ होऊन आत यायचा.

आत पांढरी कार्डशीट घातली. यातली खुबी अशी की शीटला घडी घालायची नाही. मागच्या बाजूला वर चिकटवायची आणि खाली नुसता बाक देऊन पुढं आणायची. मग कोपराच राहत नाही. भिंत कुठं संपली आणि जमीन कुठं लागली ते डोळ्याला कळत नाही. तिन्ही खिडक्यांवर बाहेरून एकेक पांढरा बल्ब लावला. पहिल्या दिवशी चुकून एक पिवळा लागला तर गवळणीला कावीळ झाली.

पहिला नीट फोटो आला तेव्हा दुपार होती. माजघराच्या खिडक्या बंद केलेल्या, बाहेर गॅरेजवाल्याचं पत्रा ठोकणं चाललेलं. आत भाजीवाली बसवली होती. फोटो बघितला आणि मला कसंतरीच झालं. सावली साफ गेली होती. पण तिच्याबरोबर ती बाई कुठं बसलीय तेही गेलं होतं. खाली जमीन नाही, मागं भिंत नाही. नुसत्या पांढऱ्यात एक बाई टोपली घेऊन बसलीय आणि माझ्याकडे बघतेय. तिचे डोळे त्याच दिवशी सकाळी मी स्वतः काढलेले. तरी मी फोन पालथा ठेवला आणि उठून चहा टाकला. पुण्याच्या बाईला फोटो फार आवडला.

आता आयेच्या डोळ्यांचं सांगते. तिच्या डोळ्यांच्या पडद्याला आजार आहे. मधलं दिसत नाही, कडेचं थोडं दिसतं. माझ्याकडे बघायचं तर ती माझ्या कानामागच्या भिंतीकडे बघते, म्हणजे मी तिला कडेने सापडते. नव्या माणसाला वाटतं म्हातारी आपल्याला जुमानत नाही. घरात तिला बाकी सगळं धुरकट, पण खोक्यातला तो भक्क उजेड तिला आवडायला लागला. दुपारी जेवण झालं की स्टूल ओढून खोक्यापुढं बसायची. म्हणायची, इथं बरं वाटतं गं. मीही बल्ब चालू ठेवायची.

एकदा मी भांडी घासून हात पुसत आत आले, तर ती म्हणाली, "निळ्या लुगड्याची कोनाची गं?"

"कुठली?"

"ही काय, आत बसलीय. पदर दातात धरलाय."

खोकं रिकामं होतं. निळ्या लुगड्याची बाई मी रंगवलीच नव्हती. "आये, आत काय नाय," मी म्हटलं. ती मान जराशी वळवून, कडेने बघत, हळूच म्हणाली, "आता उठली. मागं चालली." आणि तिची नजर त्या पांढऱ्या बाकावरून सावकाश वर वर गेली. मी बटण बंद केलं आणि तिच्यावरच खेकसले, भलतंसलतं काय बोलतेस म्हणून. खेकसले कारण मला भीती वाटली होती.

आयेनं अंधारात चाचपून माझा हात धरला. "दादाला सांगू नको," ती म्हणाली. "मावशीला कोंडलं तसं मला कोंडतील."

लोधिवलीची तिची ही मावशी मी फक्त ऐकलेली. म्हातारपणी तिच्या डोळ्यांत फूल पडलं, बुबुळांवर पांढरा डाग आला, आणि मग तिला माणसं दिसायला लागली. वीतभर माणसं. कोनाड्यात, चुलीच्या कडेला, डब्यांच्या फळीवर. ती त्यांना बाजूला सरा म्हणायची. घरच्यांनी आधी अंगारे-धुपारे केले, मग तिला मागल्या पडवीतल्या खोलीत घातली आणि बाहेरून कडी लावली. आये तेव्हा लहान पोर, सुटीत तिकडे गेलेली. जेवणाची ताटली तिच्या हाती देऊन पाठवायचे. दाराखालच्या फटीतून ताटली सरकवायची आणि पळत यायचं, आत वाकून बघायचं नाही, असं बजावलेलं. मावशी मेली तीही त्याच खोलीत. हे सांगताना आये रडली नाही. "कडी बाहेरून व्हती," एवढंच दोनदा म्हणाली.

मग एकेक करून तिनं सगळं सांगितलं. माणसं दिसायला लागून बरेच महिने झाले होते. फेटा बांधलेला एक जण, मोरीच्या कठड्यावर पोरांची रांग, आणि आता ही निळी बाई. कधी वीतभर दिसायची, कधी खऱ्या माणसाएवढी. कुणीच तिच्या ओळखीचं नाही. बोलत नाहीत, पावलांचा आवाज नाही, तिच्याकडे वळूनही बघत नाहीत. आमच्यापासून हे लपवायला तिनं एक युक्ती काढली होती. खऱ्या माणसाची सावली पडते, त्यांची पडत नाही. कुणी समोर आलं की ती आधी जमिनीकडे बघायची. कडेच्या नजरेला खालचा काळा डाग बरोबर कळतो. सावली असली की बोलायची, नसली की गप्प. मला वाटायचं, म्हातारपणी नरम झालीय, मान खाली घालून बोलते. कसली नरम. ती माणसं तपासून घेत होती.

आणि मी नेमकं असं खोकं मांडून ठेवलं की ज्यात कशाचीच सावली पडत नाही. मी रंगवलेली गवळण आणि तिची ती निळी बाई, आता तिला दोन्ही सारख्याच. "मग हात लावून बघायचा की," मी म्हटलं.

"नाय गं बाय," ती म्हणाली. "हात लावला अन् हाताला लागली तर?"

मी उठले आणि उगीचच कणीक मळायला घेतली. त्या दिवसापासून रंगवताना माझंही चित्त थाऱ्यावर नसायचं. पाठीमागं फळीवर वाळत ठेवलेली चित्रं असायची, आणि मी मध्येच वळून बघायची. काही नसायचं. तरी बघायची.

दादाला आम्ही सांगितलं नाही. पण पुढच्या रविवारी आभाळ भरून आलेलं, पाऊस नाही नुसते ढग, अंगणात उजेड होता पण सपाट. आये ओट्यावर बसून लसूण सोलत होती, मी तिच्याजवळ. दादा आला आणि पायरीशी उभा राहून फोनमध्ये काहीतरी वाचत राहिला. वहिनी मागून चप्पल काढत होती. दोघांपैकी कुणी तोंडातून शब्द काढला नाही. आयेनं खाली बघितलं. ढगाळ दिवस, सावली कुठली पडणार. ती माझ्याकडे झुकली आणि म्हणाली, "आज फेटेवाला मोठा होऊन आलाय गं. पायरीशी उभा हाय. तू बघू नको त्याच्याकडं, जाईल."

दादानं फोन खिशात घातला. "कोण फेटेवाला?"

मग काय, सगळं बाहेर आलं. लपवायला काही उरलंच नाही. दादा तावातावाने माजघरात गेला, खोक्याकडे बघितलं, फळीवरच्या चित्रांकडे बघितलं आणि मला म्हणाला, "दिवसभर या डोळेवाल्या बाहुल्यांत म्हातारीला बसवतेस. दुसरं काय होणार?" वहिनीनं कोंडाण्याकडच्या कुठल्याशा भगताचं नाव काढलं. दादाला ते पटलं नाही, तो म्हणाला, डोक्याच्या डॉक्टरला दाखवू, आणि आता आये कर्जतला आमच्याकडेच राहील. "आम्ही दोघं कामावर गेलो तरी काळजी नाही," तो म्हणाला, "बाहेरून बंद करून जाऊ. कुठं जायची नाही ती."

तो वाईट माणूस नाही. त्याला खरंच काळजी वाटत होती. आये मात्र लसणाची वाटी मांडीवर तशीच धरून बसली होती. तिनं विचारलं, "बाहेरून कडी हाय का रं तुझ्या दाराला?"

"कडी नाही, आये. लॅच आहे. आपोआप लागतं."

आयेनं वाटी खाली ठेवली. मला इतका संताप आला की दादाला म्हटलं, आधी डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवते, मग तुझं काय ते कर. "डोळ्यांचा काय संबंध?" तो म्हणाला. संबंध काय हे मलाही माहीत नव्हतं. पण मावशीच्या डोळ्यांत फूल पडलेलं, हे ऐकल्यापासून ते काही माझ्या डोक्यातून जात नव्हतं. दादानं पुढच्या रविवारपर्यंत मुदत दिली. तोवर आयेनं तोंडाला कुलूप लावलं. जेव म्हटलं की जेवायची, नीज म्हटलं की निजायची. खोक्याकडे पाठ करून बसायची.

कर्जतच्या दवाखान्यात डॉक्टरीण तरुण होती, घाईत होती. तिनं आयेच्या डोळ्यांत बॅटरी मारून बराच वेळ बघितलं. मी कुठून सुरुवात करावी याचा विचार करत होते, तेवढ्यात तिनंच विचारलं, "आजी, नसलेली माणसं दिसतात का? लहान लहान?"

आयेनं माझं मनगट असं आवळलं की बांगडी रुतली. "सांग," मी म्हटलं.

"दिसतात," आये म्हणाली. मग जरा थांबून, घाबरत, "तुमाला बी?"

डॉक्टरीण हसली. मला नाही, म्हणाली, पण पडदा गेलेल्या पुष्कळ लोकांना दिसतात. वेडं ठरवतील म्हणून ते सांगत नाहीत. डोळ्याकडून चित्र यायचं थांबलं की मेंदू रिकामा बसत नाही, आपलंच काहीतरी भरतो. "बोलतात का ती?"

"नाय. गप असतात."

"मग भ्यायचं नाही. तुमचं डोकं शाबूत आहे, आजी. माझ्याइतकं." आणि ती पुढच्या पेशंटला हाक मारायला वळली. तिच्या लेखी तो विषय तिथं संपला. बाहेर येऊन मी दादाला फोन लावला आणि डॉक्टरीण बोलली ते जसंच्या तसं ऐकवलं. त्यानं दोनदा तेच परत विचारून घेतलं. मग तो म्हणाला, "बरं. राहू दे तिला तिकडंच." माझ्या जिवात जीव आला. तेव्हापासून तो पायरी चढायच्या आधीच "आये, मी आलोय गं" म्हणतो.

परतताना रिक्षात आये खूश असेल असं मला वाटलं होतं. ती बाहेर तोंड करून बसली. चौक जवळ आल्यावर म्हणाली, "म्हंजे मावशी शाणी व्हती."

मी तिच्याकडे वळले.

"ती दाराआडून सांगायची मला. पोरी, मला धड दिसत नाय. जरा आत ये अन् ही माणसं खरी हायत का बघून सांग. एवढंच मागायची. कुनीतरी बघून सांगायला पायजे व्हतं तिला." आणि मग आये रडली, रिक्षावाला आरशातून बघायला लागला तरी थांबली नाही. इतक्या वर्षांचं रडू होतं. मीही रडले.

घरी आल्यावर तिनं मला मावशी करायला सांगितली. मी साच्यातली बसलेली म्हातारी घेतली आणि आये सांगेल तशी रंगवली. हिरवं लुगडं, हनुवटीवर गोंदण, हात गुडघ्यांवर. आम्ही डोळे शेवटी काढतो. आये म्हणाली, "फूल काढू नको हां. साफ काढ. दिसू दे तिला." साफ काढले. रंग वाळल्यावर मावशीला खोक्यात ठेवलं आणि बल्ब लावले. आये स्टुलावर पुढं झुकली, कडेने बघितलं, परत बघितलं. तिचा चेहरा बावरला. "ही तुझी का त्यांची गं?"

मी दोन बल्ब बंद केले. एकच ठेवला, डावीकडचा. पांढऱ्या शीटवर मावशीच्या उजवीकडं लांब सावली पडली. त्या खोक्यात पडलेली ती पहिली सावली. आयेला ती दिसली. तिचा श्वास सुटलेला मला ऐकू आला. "खरी हाय," ती म्हणाली. मग खोक्याच्या उघड्या बाजूकडे तोंड नेऊन हलक्या आवाजात म्हणाली, "मावशे, दार उघडं हाय गं." माझं तिथं काही काम नव्हतं, मी स्वयंपाकघरात निघून गेले.

माणसं अजून येतात. डॉक्टरीण म्हणाली होती काही दिवसांनी जातील, पण निळी बाई काही जायचं नाव घेत नाही. आता आये तिचं येणंजाणं मला उघड सांगते आणि मी हातातलं काम करत ऐकते. कधी कधी, आये सांगते त्या जागेवरून जायचं झालं तर मी वळसा घालून जाते. मला लाज वाटत नाही त्याची.

आमच्याकडे पावसाळा लांबतो. दिवसच्या दिवस आभाळ खाली येतं, सगळीकडं सारखाच पांढरा उजेड असतो, घर-अंगण मिळून एक मोठं खोकंच होतं. कशाचीच सावली नसते. पत्र्यावर पाऊस इतका वाजतो की हाकही ऐकू जात नाही. म्हणून मी आयेकडे जाताना दिवा लावते आणि एका बाजूला उभी राहते. तिला खाली सावली दिसते, मग ती म्हणते, "आलीस व्हय." परवा दुपारी वीज गेलेली, फोनची बॅटरी संपलेली, पाऊस धो धो. मी चहा घेऊन तिच्यापुढं उभी राहिले. तिनं जमिनीकडं बघितलं. मग नजर माझ्यावरून पलीकडं नेली आणि गप्प बसून राहिली.

मी "आये, आये" म्हणत होते. ते तिला ऐकू जात नव्हतं. आयुष्यात मला इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं. मी कप खाली ठेवला, तिच्यासमोर उकिडवी बसले आणि नुसता हात पुढं करून थांबले. ती त्या हाताकडं कडेने बघत राहिली. तिला भीती वाटत होती, मला दिसत होतं. मग तिनं आपलं बोट हळूहळू पुढं आणलं आणि माझ्या तळहाताला टेकवलं.

"लागलीस गं," ती म्हणाली, आणि माझा हात दोन्ही हातांनी धरून बसली.